डब्याचं नाव सगळे सांगतात, दूध कसं करायचं ते कोणीच सांगत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह असतो, तेव्हा आपल्या पेपरात दरवर्षी अंगावरच्या दुधाचं महत्त्व सांगणारे लेख येतात. यंदाचेही सगळे वाचले, चांगले होते, त्यातल्या एका शब्दालाही माझी हरकत नाही. पण ज्या बाळाला वरचं दूध, म्हणजे डब्यातल्या पावडरीचं दूध, द्यायची वेळ येतेच त्याच्या घरच्यांसाठी त्यात एक ओळही नव्हती, आणि ही माणसं मग माहिती कुठून घेतात तर शेजारणीकडून, पुण्याच्या मेव्हण्याकडून, मोबाईलवरच्या रील्समधून, नाहीतर माझ्यासारख्या मेडिकलवालीकडून. मी तालुक्याच्या गावात बरीच वर्षं मेडिकल चालवते, काउंटरला मीच असते, त्यामुळे बायका मोकळेपणाने बोलतात. जे रोज बघते त्यावरून लिहितेय, पत्र लांबलंय, पण शक्यतो कापू नका ही विनंती.

दुकानात येणारा नवा बाप एकच प्रश्न विचारतो. "ताई, सगळ्यात भारी डबा कुठला? पैशाचं बघू नका." हातात मोबाईल, त्यात कुणीतरी पाठवलेला डब्याचा फोटो, बाहेर गाडी चालूच ठेवलेली, कारण घरी बाळ रडतंय. मला त्या पोराची काळजी कळते, पण प्रश्नच चुकलेला असतो. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या जन्मापासूनच्या फॉर्म्युल्यात, म्हणजे बाळाच्या दुधाच्या पावडरीत, काय किती असलं पाहिजे ते एफएसएसएआयने, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेने, ठरवून दिलंय, लहान बाळांच्या आहारासाठी त्यांचे वेगळे नियम आहेत, २०२० चे. तयार दुधाच्या १०० मिलीत साधारण ६० ते ७० कॅलरी, प्रोटीन किती, फॅट किती, लोह, व्हिटॅमिनं, सगळ्याच्या मर्यादा बांधलेल्या आहेत. म्हणजे लॅक्टोजेन घ्या, नॅन प्रो घ्या, सिमिलॅक, डेक्सोलॅक, ऍप्टामिल काहीही घ्या, धडधाकट आणि पूर्ण दिवसांच्या बाळाचं पोषण व्हायला जे लागतं ते त्यात असायलाच हवं. मग किमतीत इतका फरक कशाने, तर कशात गायीच्या दुधातलं प्रोटीन पचायला हलकं करून घातलेलं असतं, कशात डीएचए (एक प्रकारचं फॅट), कशात प्रीबायोटिक (पोटातल्या चांगल्या जंतूंचं खाद्य), आणि बाकीचा बराचसा फरक हा नावाचा. डीएचएच्या डब्याने पोर हुशार निघतं असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय, पण पूर्ण दिवसांच्या बाळांमधे असा ठाम पुरावा मिळालेला नाही.

आता पैशाचं बघू नका म्हणणाऱ्याला मी पैशाचंच बघायला लावते. हिशोब करा. पाच किलोच्या बाळाला नुसतं वरचंच दूध असेल तर किलोमागे अंदाजे १५० मिली, म्हणजे दिवसाला ७५० मिली दूध लागतं, त्याला शंभरेक ग्रॅम पावडर जाते, म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपला. महिन्याला सात-आठ डबे. माझ्याकडे स्वस्तातला डबा चारशे-साडेचारशेच्या आसपास बसतो आणि महागातला आठशेच्या पुढे जातो, तर महिन्याचा फरक तीन हजाराच्या घरात गेला. पहिला डबा मोठ्या हौसेने भारीतला नेतात, दुसराही नेतात, आणि तिसऱ्या-चौथ्यापासून घरात डबा पुरवून वापरायला सुरुवात होते. खरा घात इथे होतो.

एक सासूबाई यायच्या. चार दिवसांचा डबा त्यांना आठवड्याच्या वर जायचा. मी सहज विचारलं की काकू, बाळ अंगावरही पितं का, तर म्हणाल्या नाही, सुनेला दूधच नाही, पण मी पाच चमच्याच्या जागी तीनच घालते, घट्ट दूध बाळाला जड पडतं, आणि पोट तर भरतंय की त्याचं. त्यांच्या बोलण्यात जराही खोट नव्हती, नातवावर जीव होता बाईचा. पण बाळाचं कार्ड मागवून बघितलं तर वजनाची रेघ दोन महिने जवळजवळ आडवीच. पाण्याने पोट भरत होतं आणि बाळ उपाशी राहत होतं. मी त्यांना तिथेच काउंटरवर ग्लासात मोजून दाखवलं, १५० मिली पाणी, पाच सपाट चमचे, आणि महागाचा डबा बंद करून डॉक्टरांना विचारून स्वस्तातला घ्या पण पूर्ण मापाने घाला म्हणून सांगितलं. माझं ठाम मत आहे की बाळासाठी योग्य डबा म्हणजे त्याच्या वयाचा, आणि सहा महिने पूर्ण मापाने घालायला घराला परवडेल असा डबा. बाकी सगळं यानंतर.

उलट बाजूही बघते. बाळ गुटगुटीत व्हावं म्हणून एक चमचा जास्तीचा घालणारे. जास्त घट्ट दुधाने बाळाला शी घट्ट होते, अंगातलं पाणी कमी पडतं, छोट्या किडनीवर क्षारांचा भार येतो. उन्हाळ्यात तर हे फारच वाईट, कारण बाळ तहानेने रडतं आणि घरच्यांना वाटतं भूक लागली, मग अजून घट्ट दूध. आणि चमच्यांची अदलाबदल हा तर मोठाच घोळ आहे. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांत एक चमचा ३० मिली पाण्याला असतो. अमेरिकेतल्या बहुतेक डब्यांचा एक चमचा दोन औंसाला, म्हणजे ६० मिलीला असतो. आता काका-मामा तिकडून येताना प्रेमाने डबे आणतात, डबा संपतो, चमचा मोठा आणि छान म्हणून ठेवून देतात, आणि इथल्या पावडरीला तोच वापरतात. दूध दुप्पट घट्ट झालं की नाही? म्हणून मी प्रत्येकाला सांगते की जुन्या डब्याचा चमचा टाकून द्यायचा, ज्या डब्यात जो निघेल तोच वापरायचा, दाबून भरायचा नाही, शिगोशीग नाही, स्वच्छ कोरड्या सुरीच्या पाठीने सपाट करायचा, आणि बाटलीत आधी पाणी मोजायचं, पावडर नंतर.

डब्यावरच्या आकड्याचं पण सांगते कारण तिथे रोज गोंधळ होतो. १ म्हणजे जन्मापासून सहा महिने, २ म्हणजे सहा महिन्यानंतर, ३ वर्षानंतर आणि ४ दीड वर्षानंतर. काही जणांना वाटतं की २ नंबर म्हणजे जास्त ताकदीचा, आणि चार महिन्याच्या बाळाला तो नेतात. तसं करू नका, त्यातलं प्रोटीनचं आणि इतर प्रमाण मोठ्या बाळाच्या हिशोबाने असतं. आणि ३ न् ४ नंबर विकण्यात माझा फायदा असला तरी स्पष्ट लिहिते, की वर्ष झालेल्या, घरचं वरण-भात, भाकरी, अंडं, भाज्या खाणाऱ्या पोराला त्याची गरज नसते, घरातलं साधं दूध पुरतं. ते पैसे अंड्याफळांवर घालवा. उलट वर्षाच्या आत गायीम्हशीचं साधं दूध हे मुख्य दूध म्हणून नको, सहा महिन्याच्या आत तर मुळीच नको, त्यात आईच्या दुधाच्या तिप्पट प्रोटीन असतं, क्षार जास्त, लोह अगदी नगण्य, आणि ते पाणी घालून पातळ केल्याने बरोबर होत नाही. शेळीचं दूध हलकं म्हणून देतात, त्यात फोलेट, म्हणजे रक्त तयार व्हायला लागणारं एक व्हिटॅमिन, फार कमी असतं. आमच्या आज्या द्यायच्या हे खरं आहे, पण तेव्हा दुसरं काही मिळतच नव्हतं हेही खरं आहे.

आता पाणी. पावडरीचा डबा सीलबंद असला तरी आतली पावडर निर्जंतुक नसते, हे शिकलेल्या लोकांनाही माहीत नसतं. क्रोनोबॅक्टर नावाचा एक जंतू कोरड्या पावडरीतही तग धरतो, लागण क्वचित होते, पण नवजात बाळाला झाली की जीवावर बेतते. २०२२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत ऍबट कंपनीचा मिशिगनमधला कारखाना याच संशयावरून बंद झाला, डबे परत मागवले, आणि मग तिकडे महिनोन् महिने फॉर्म्युल्याची टंचाई होती, तिकडे बाळंतपण झालेल्या आपल्या मुलींना तर चांगलंच आठवत असेल. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मधेच सांगून ठेवलंय की पाणी उकळून ते निदान ७० डिग्री गरम असतानाच पावडर घालायची, म्हणजे पावडरीतले जंतू मरतात, मग बाटली थंड पाण्याखाली धरून कोमट करायची आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघूनच पाजायची. आपल्याकडे बऱ्याच डब्यांवर आधी पाणी कोमट करा मग पावडर घाला असं असतं, त्यामुळे लोक गोंधळतात. कमी दिवसांचं, कमी वजनाचं किंवा दोन महिन्याच्या आतलं बाळ असेल तर हे आपल्या डॉक्टरांना मुद्दाम विचाराच, हा प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही म्हणून तेही सांगायचे राहतात.

रात्रीची सोय म्हणून बायका एकदम दूध करून थर्मासमधे भरून ठेवतात. हे फार धोक्याचं आहे, कोमट दूध म्हणजे जंतूंना वाढायला आयती जागा. थर्मास वापरायचाच तर त्यात नुसतं उकळतं पाणी ठेवा, पावडर डब्यातच, आणि बाळ उठलं की त्याच वेळी दूध करा. केलेलं दूध दोन तासांच्या आत संपवायचं, बाळाचं तोंड लागलेलं उरलं तर टाकून द्यायचं, जीव तुटतो टाकताना पण टाकायचंच. डबा उघडला की झाकणावर तारीख लिहून ठेवा, तीन-चार आठवड्यांत किंवा डब्यावर सांगितलंय तेवढ्यात संपवा, आणि फ्रीजमधे ठेवू नका, ओल धरते.

बोअरच्या पाण्याबद्दल तर आपल्या भागात बोललंच पाहिजे. जिथे खतांचा मारा जास्त तिथे बोअरच्या न् विहिरीच्या पाण्यात नायट्रेट असू शकतं आणि ते उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. त्याने तान्ह्या बाळाच्या रक्तातला ऑक्सिजन कमी होऊन बाळ निळसर पडू शकतं. अंगावर पिणाऱ्या बाळाला हा धोका फारसा नाही, डब्याच्या बाळाला आहे, कारण त्याच्या पोटात ते पाणीच जातं. नळाचं शुद्ध केलेलं पाणी किंवा आरओचं पाणी घ्या, तेही उकळूनच. टँकर चालू असतो त्या महिन्यांत तर जास्तच काळजी घ्या.

बाटलीबद्दल एक. वाटी-चमच्याने पाजता आलं तर सर्वात बरं, पाच मिनिटं उकळली की स्वच्छ. घरात बोंडलं असेल तर चांगलंच आहे, पण त्याच्या नळीत दूध साठून वाळतं आणि चांदीचं आहे म्हणून नुसतं विसळून ठेवतात, तसं चालत नाही, आतून ब्रश घालून घासून उकळायला हवं. बाटलीच वापरायची तर निपल, झाकण, रिंग सगळं सुटं करून घासून उकळायचं.

मग येतात लॅक्टोज-फ्री वाले. बाळाने दोनदा पातळ शी केली, गॅस झाला, संध्याकाळी रडलं की घरच्या घरीच ठरतं की ह्याला दूध पचत नाही, आणि कुणीतरी सोयाचा, झेरोलॅक किंवा तसला डबा सुचवतं. जन्मतःच लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचणं हे अत्यंत दुर्मिळ आहे, आईच्या दुधातही लॅक्टोजच असतं की. मोठे जुलाब झाल्यावर काही दिवस तात्पुरता असा डबा डॉक्टर देतात, ते बरोबर आहे, पण तो मग वर्षभर चालू राहतो कारण थांबवा असं सांगायला कोणी नसतं. गायीच्या दुधाच्या प्रोटीनची ऍलर्जी ही वेगळी गोष्ट आहे, शीतून रक्त, अंगावर चट्टे, वजन न वाढणं, त्याला खास प्रोटीन तोडलेले डबे लागतात आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचे. गॅस झाला म्हणून दर आठवड्याला डबा बदलू नका एवढंच माझं म्हणणं, बाळाच्या पोटाला सवय व्हायला वेळ तरी द्या.

हे सगळं गरज असेल तर. गरज आहे की नाही हे ठरतं पहिल्या तीन-चार दिवसांत, आणि तिथेच सगळ्यात जास्त घाई होते. सिझर झालेलं, आई ग्लानीत, चिकाचे थेंब थेंब येतायत, आणि बाजूला आठ नातेवाईक सांगतायत की दूध नाही, बाळ उपाशी आहे. चीक थोडाच असतो आणि पहिल्या दिवशी बाळाचं पोटही तेवढंच असतं, पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरणं हेही ठरलेलं आहे, दहा-चौदा दिवसांत ते भरून येतं. चार-पाच दिवसांनंतर दिवसाला सहा वेळा तरी शू होतेय आणि वजन वाढतंय तर दूध पुरतंय, बाळ रडलं म्हणजे कमीच पडलं असं नाही. लगेच बाटली दिली की बाळ कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी बनतं, आणि मग खरंच डबा लागतो. आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात, त्यांच्याकडे वजनाचा काटा असतो, त्यांना नुसतं चहा पाजून पाठवू नका, बाळाला कसं धरायचं, कसं लावायचं हे विचारून घ्या. कमी दिवसांच्या बाळाला मोठ्या हॉस्पिटलात ह्यूमन मिल्क बँकेचं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं, दूधही मिळू शकतं, मुंबईत सायन हॉस्पिटलात १९८९ मधे डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली अशी बँक सुरू केली, आता इतर शहरांतही आहेत.

पण काही घरांत डबा लागतोच. कुणाची केमो चालू असते, कुणाची आईच बाळंतपणात गेलेली असते, कुणी बाळ दत्तक घेतलेलं असतं, कुणाला खरंच सगळं करूनही दूध पुरत नाही. या बायका माझ्याकडे डबा मागताना आवाज खाली करतात, पिशवी काळी मागतात. ते बघून मला फार वाईट वाटतं. आई होण्यात काही कमी राहिलं असं त्यांना ऐकवणाऱ्या सगळ्या सासवा-नणंदा-शेजारणींना माझं सांगणं आहे की तिला बोलण्यापेक्षा रात्री तीनची एक बाटली तुम्ही उकळून द्या.

कायद्याचंही लिहिलं पाहिजे. १९९२ चा कायदा आहे, २००३ मधे तो आणखी कडक झाला. दोन वर्षांखालच्या बाळांच्या फॉर्म्युल्याची, बाटल्यांची, खाऊची जाहिरात करायची नाही, फुकट सॅम्पल द्यायचं नाही, गिफ्ट-कूपन नाही, डब्यावर बाळाचा किंवा बाईचा फोटो नाही, डॉक्टर-नर्सना कसलं आमिष नाही, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. फारच चांगला कायदा आहे. त्याच्यामुळे टीव्हीवर डब्याची जाहिरात दिसत नाही. पण मोबाईलवर हसऱ्या आया कुठला डबा वापरतात ते सांगतच असतात, आणि चिठ्ठीवर बाळाचं वजन, किती मिली, किती वेळा, यातलं काही न लिहिता फक्त डब्याचं नाव लिहून पाठवणारे दवाखाने मी बघते. डब्यावरच्या सूचना इंग्रजीत, कधी हिंदीत, आणि इतक्या बारीक की चष्मा लावून मला वाचाव्या लागतात, तर ऊसतोडीवरून आलेल्या बाईने त्या कशा वाचायच्या? जाहिरात करू नका म्हणजे माहितीही देऊ नका असा अर्थ सगळ्यांनी लावून घेतलाय असं मला वाटतं, आणि त्याची किंमत तान्ही बाळं मोजतात.

म्हणून तीन विनंत्या आहेत. दवाखान्यांनी डबा लिहून दिला तर डिस्चार्जच्या आधी सिस्टरनी एकदा आईकडून आणि आजीकडून समोर दूध करून घ्यावं, दहा मिनिटांचं काम आहे. सरकारने डब्यावर मराठीतून, मोठ्या अक्षरात माप आणि कृती छापणं सक्तीचं करावं, निदान महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या डब्यांवर. आणि आपण, संपादक साहेब, कुठल्याही कंपनीचं नाव न घेता, बालरोगतज्ज्ञांकडून तपासून, दूध करायची रीत अर्ध्या पानावर चित्रांसकट छापावी. मी माझ्या दुकानात काउंटरच्या शेजारी लावीन, आणि आमच्या तालुक्यातल्या सगळ्या मेडिकलवाल्यांकडे एकेक प्रत स्वतः पोचवीन.

आपली नियमित वाचक,
एक मेडिकल दुकानदार
(नाव व गाव छापू नये)